हाई गानं कोनं शे? जुना डान्स ट्रॅक नव्याने निघतो तेव्हा काय काय घडतं

लग्नसराईत धुळ्यापासून रावेरपर्यंत कुठल्याही वरातीपुढे थोडा वेळ उभं राहा. ताज्या अहिराणी गाण्यांच्या मधेच एखादं कॅसेटच्या काळातलं गाणं येतं. आवाज तोच, चाल तीच, फक्त खालचा बेस नवा आणि वेग वाढवलेला. पोरं घामाघूम होऊन नाचतात, पन्नाशीतली मंडळी कडेला उभी राहून शब्द पुटपुटतात. आठवड्याने तेच रिमिक्स यूट्यूबवर शोधायला जावं, तर व्हिडिओ कॉपीराइटच्या दाव्यात अडकून गायब झालेला असतो. मग चौकात चर्चा सुरू होते: गाणं तीस वर्षांपूर्वीचं, कंपनी केव्हाच बंद पडलेली, मग दावा करणारा हा आहे तरी कोण?

तिकडे युरोपातही हेच चाललंय, फक्त पैसा मोठा आहे. ‘एज ऑफ लव्ह’ नावाचा एक डान्स ट्रॅक १९९० साली बेल्जियममधल्या एका छोट्या कंपनीने काढला. १९९२ मध्ये जॅम अँड स्पून या जर्मन जोडीने त्याचं रिमिक्स केलं आणि ते रात्रभर चालणाऱ्या क्लबांमध्ये गाजलं. २०२१ मध्ये शार्लोट द विट आणि एन्रिको सांजुलियानो या दोघांनी त्याच ट्रॅकचं पुन्हा रिमिक्स केलं, आणि १९९० मध्ये जन्मालाही न आलेली पोरं त्यावर नाचली. मधल्या काळात तो कितीदा पुन्हा छापला गेला ते वेगळंच.

लोकांचा समज असा की यात अवघड काम रिमिक्सचं. माझं मत उलटं आहे. रिमिक्स आज लॅपटॉप असलेला कुणीही करतो. अवघड आहे ते मूळ गाणं नीट, कायदेशीर आणि चांगल्या आवाजात पुन्हा बाजारात आणणं. ते का, हे जरा खोलात जाऊन पाहू.

अंडरग्राउंड म्हणजे काय, आणि पुन्हा काढायचं म्हणजे काय

अंडरग्राउंड म्हणजे चोरीछुपे नव्हे. रेडिओ आणि मोठ्या कंपन्यांना बाजूला ठेवून, छोट्या कंपनीने काही शे किंवा काही हजार प्रती काढून थेट नाचणाऱ्यांपर्यंत पोचवलेलं संगीत, एवढाच त्याचा अर्थ. नव्वदच्या दशकात युरोपात अशा कित्येक रेकॉर्डी कोऱ्या लेबलच्या निघत. गाण्याचं नाव नाही, कलाकाराचं नाव नाही, फार तर शिक्का किंवा पेनाने लिहिलेला आकडा. आपल्याकडे हेच काम कॅसेटने केलं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी मोडली. ज्या बोलीला आकाशवाणीवर आठवड्यातून जेमतेम थोडा वेळ मिळायचा, तिच्या कॅसेटी बसस्टँडसमोरच्या टपरीवर आणि यात्रेत विकल्या जाऊ लागल्या. अहिराणी विनोद, कानबाईची गाणी, आखाजीची गौराईची गाणी, लग्नातली नाचायची गाणी. नंदुरबार-नवापूरकडे आदिवासी बँडांची टिमली, म्हणजे नाचाचं संगीत. यातलं बरंच काही याच अर्थाने अंडरग्राउंड होतं.

रीइश्यू म्हणजे तेच जुनं ध्वनिमुद्रण पुन्हा प्रकाशित करणं. रीमास्टर म्हणजे त्याच मुद्रणाचा आवाज स्वच्छ करणं, खरखर कमी करणं, पातळी बसवणं. रिमिक्स म्हणजे त्या मुद्रणातले भाग सुटे करून, काही काढून, काही नवं घालून वेगळी मांडणी करणं. आणि कव्हर म्हणजे जुनं मुद्रण अजिबात न वापरता तेच गाणं नव्या लोकांनी पुन्हा गाणं-वाजवणं. या चौघांना कायदा एकाच नजरेने बघत नाही. वरातीतले वाद बहुतेक वेळा याच घोळातून होतात.

एका गाण्याचे दोन मालक

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या दृष्टीने कॅसेटमधल्या एका गाण्यात निदान दोन गोष्टी आहेत. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरं ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या दिवशी त्या स्टुडिओत टेपवर जे उतरलं ते. रचनेचा हक्क गीतकार-संगीतकाराचा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकणारा. मुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते मुद्रण करवलं त्याचा. तो प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं.

इथे लोक चमकतात. गायक मालक नाही? नाही. गायकाला ‘कलाकाराचे हक्क’ म्हणून वेगळे हक्क आहेत, पण मुद्रणाचा मालक निर्माता. १९९४ ला निघालेल्या कॅसेटचा हिशोब केला तर ते मुद्रण २०५४ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं आहे. कंपनीचं शटर पडलं म्हणून हक्क संपत नाही. तो वारसाकडे, भागीदाराकडे किंवा ज्याने कंपनीचा जुना माल उचलला त्याच्याकडे जातो.

बहिणाबाईंचं उदाहरण घेतलं की हे दोन थर स्वच्छ दिसतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, त्यांचा संग्रह १९५२ मध्ये आला. त्या पुस्तकातल्या कवितांची ६० वर्षांची मुदत कशीही मोजली तरी संपलेली आहे. आज आसोद्याच्या एखाद्या मुलीने त्यातली कविता घेऊन, स्वतःची चाल लावून, खाली हवा तेवढा बेस टाकून गाणं काढलं तर तिला कुणाची परवानगी नको. पण त्याच कवितेचं कुणीतरी १९९० च्या दशकात केलेलं मुद्रण तिने उचललं, तर ते मुद्रण अजून कुणाचं तरी आहे, आणि त्यातली चालही.

गौराईच्या गाण्यांचं तसंच. परंपरेने चालत आलेलं गाणं कुणा एकाचं नाही, ते कुणीही गावं. कॅसेटवालीने गायलेलं मात्र कॅसेटवाल्याचं. यूट्यूबची यंत्रणा हा फरक नेहमी ओळखत नाही. कुणीतरी गौराईचं गाणं स्वतःच्या नावावर वितरकामार्फत चढवतो आणि दुसऱ्याने गायलेल्या त्याच गाण्यावर दावा ठोकतो. अशा वेळी वादाचं उत्तर यूट्यूबवरच ठामपणे द्यायला हवं. घाबरून व्हिडिओ काढून टाकणारेच जास्त.

मूळ टेप कुठे आहे?

समजा मालक सापडला आणि तयारही झाला. पुढचा प्रश्न: मूळ टेप आहे का? विकत मिळणारी कॅसेट ही मूळ टेप नव्हे, ती प्रतीची प्रत असते. स्टुडिओतल्या मोठ्या रिळाची फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने सरकायची, कॅसेटची सरकते ४.७६ सेंटिमीटर. फीतही अरुंद, चार मिलिमीटरला थोडी कमी, आणि त्यातच दोन्ही बाजूंचे डावे-उजवे असे चार पट्टे. जागा कमी म्हणजे तपशील कमी आणि खरखर जास्त.

मोठ्या रिळांचंही सगळं सुखाचं नसतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही फितींवरचा चिकट थर दमटपणा शोषून घेतो आणि फीत हेडला, म्हणजे ती वाचणाऱ्या भागाला, चिकटून खरडली जाते. परदेशातली संग्रहालयं अशी फीत साधारण ५० ते ५५ अंशांवर काही तास मंद भाजतात आणि मग एकदाच वाजवून उतरवून घेतात. हे वाचून कुणी घरच्या ओव्हनकडे वळू नये. ते काम ठरावीक प्रकारच्या फितींवर, जाणत्याने करायचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतला माळा तसाही भट्टी होतो, आणि त्यात पडलेल्या कॅसेटी वाकड्या होतात, बऱ्या होत नाहीत.

मूळ टेप नसेल तर चांगल्या अवस्थेतली कॅसेट हाच आधार. इथे एक साधी गोष्ट फार फरक पाडते. प्रत्येक डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राच्या, हेडचा कोन थोडा वेगळा असतो. ज्या कोनात कॅसेट भरली गेली त्याच कोनात ती वाजली नाही, तर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. हेडशेजारचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवून आवाज खुलेल तिथे थांबायचं. हे सोडून लोक थेट सॉफ्टवेअरने ‘ट्रेबल’ वाढवतात आणि खरखरच वाढवून बसतात. बेल्टवर चालणाऱ्या जुन्या डेकचा वेगही तपासावा लागतो. पुष्कळ गाणी यूट्यूबवर अर्धा सूर चढी किंवा उतरी का ऐकू येतात, त्याचं कारण हेच.

रीमास्टर करणाऱ्याचा दुसरा मोह म्हणजे आवाज मोठा करणं. ढोलकीची थाप वर जाते आणि शब्द खाली राहतो, त्यातच गाण्याचा जीव असतो. सगळं दाबून एका पातळीला आणलं की पहिल्या दहा सेकंदांत भारी वाटतं, तिसऱ्या मिनिटाला कान थकतात. त्यात स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी आपणहून एका पातळीवर आणतात, म्हणजे दाबादाबीचा उपयोगही नाही.

रिमिक्ससाठी सुटे भाग कुठून आणायचे

स्टुडिओत गायक, ढोलकी, कीबोर्ड, कोरस हे वेगवेगळ्या पट्ट्यांवर भरले असतील, तर त्या टेपला मल्टीट्रॅक म्हणतात. पुढे सगळे पट्टे एकत्र करून डावा-उजवा असे दोनच उरतात. भरताच्या आधी भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात सगळं सुटं समोर असतं; एकदा बडगीत कुटलं की मिरची कमी करता येत नाही. मल्टीट्रॅक म्हणजे सुटं सामान, कॅसेट म्हणजे कुटलेलं भरीत. नव्वदच्या दशकातल्या छोट्या स्टुडिओंमध्ये टेप महाग होती, त्यामुळे एक काम संपलं की त्याच टेपवर दुसरं भरलं जाई. सुटं सामान बहुतेकदा उरलेलंच नाही.

गेल्या काही वर्षांत बदललं ते इथे. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाची प्रणाली सगळ्यांना मोफत खुली केली. हजारो गाणी ऐकून शिकलेली ही प्रणाली तयार गाण्यातून आवाज, तालवाद्यं आणि बेस वेगळे करते. त्यानंतर याहून सरस प्रणाली आल्या. सगळ्यात गाजलेलं उदाहरण बीटल्सचं: जॉन लेननने घरी पियानोवर गाऊन कॅसेटवर ठेवलेलं एक गाणं १९९५ च्या सुमारास पूर्ण करायचा प्रयत्न झाला, पण आवाज पियानोतून आणि घरघरीतून सुटेना. ते शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालं, कारण यंत्राने आवाज वेगळा काढून दिला.

म्हणजे भरतातून मिरची काढता येते म्हणायची. येते, पण वांग्याचा थोडा गर तिला चिकटून येतो. वेगळा काढलेला आवाज कधी पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, ‘स’ आणि ‘श’ फुटतात. नव्या बेसखाली हे झाकलं जातं, म्हणून वरातीत कुणाला कळत नाही. हेडफोनवर लगेच कळतं.

दुसरी अडचण तालाची. क्लबमधला ट्रॅक ड्रम मशीनवर बनलेला असतो, मिनिटाला ठरलेले ठोके, शेवटपर्यंत तेवढेच. आपली कॅसेटची गाणी माणसांनी वाजवलेली. ढोलकीवाला रंगात आला की वेग वाढतो, कडव्यानंतर थोडा सैलावतो. डीजेला दोन गाणी एकात एक मिसळायची तर ठोके जुळावे लागतात, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठोका ओढून रेषेत बसवतात. माझ्या मते बहुतेक रिमिक्स इथेच बेचव होतात. ढोलकीचा तो सैल-घट्टपणाच ज्या गाण्याचा नाच होता, तो आधी इस्त्री करून मग त्यावर ‘पारंपरिक’ असं लिहिण्यात काय अर्थ आहे?

‘आम्ही तर पैसेच घेत नाही’

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. फुकट वाटलं तरी मुद्रणाची प्रत काढण्याचा हक्क मालकाचाच राहतो. मात्र वरातीपुरतं बघायचं तर कायदा लोकांना वाटतो त्याहून उदार आहे. कलम ५२ मध्ये धार्मिक विधींच्या वेळी गाणं वाजवायला सूट आहे, आणि त्या सुटीत लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभ स्पष्ट शब्दांत घातलेले आहेत. मोठ्या हॉटेलांतल्या आणि व्यावसायिक कार्यक्रमांवरून कोर्टकज्जे झाले, तरी साध्या वरातीत गाणं वाजवणारा चोर नाही. ही सूट वाजवण्यापुरती आहे. त्याच गाण्याचं रिमिक्स बनवून चॅनलवर चढवणं तिच्यात बसत नाही.

यूट्यूबवर दावा आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवा. दावा लागला तर बहुधा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेला की चॅनलला मिळणारी शिक्षा म्हणजे स्ट्राइक. ९० दिवसांत तीन लागल्या की चॅनलच बंद होऊ शकतं.

‘मग आम्ही पुन्हा गाऊन घेतो’

हा रस्ता खुला आहे, पण मोकळा नाही. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेऊन स्वस्तात विकली, तेव्हा कायदा सैल होता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कव्हरसाठी मूळ मुद्रणाला पाच वर्षं झालेली असावी लागतात, गरजेपलीकडे शब्द-चालीत फेरफार चालत नाही, वर ‘हे कव्हर आहे’ असं लिहावं लागतं, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी रचनाकाराला आगाऊ द्यावी लागते. ५०,००० हा आकडा ऐकून अहिराणी निर्माता हात जोडेल. पण त्याच कलमात एक तरतूद दडलेली आहे: एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्यांचा खप मुळात कमी असेल, तर हा किमान आकडा आदेशाने खाली आणता येतो. बोली हा शब्द कायद्यात आहे. तो कुणीतरी वापरायला हवा.

रचनाकाराशी थेट बोलून परवानगी घेतली तर हे कलम लागतच नाही. खान्देशात ते तुलनेने सोपं, कारण गाणं लिहिणारा बहुधा दोन तालुक्यांच्या अंतरावर राहतो.

जुने कागद बाहेर काढा

रीइश्यूची खरी लढाई कागदावर असते. पुष्कळ गायक-गीतकार सांगतात, ‘कंपनीला देऊन टाकलं तेव्हाच.’ देऊन टाकलं म्हणजे काय लिहून दिलं, ते बघितल्याशिवाय बोलू नये. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो, तोंडी चालत नाही. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ ला लागू झाली. त्या तारखेनंतरच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल, तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं कायदा मानतो. म्हणजे १९९७ साली एका पानावर ‘सर्व हक्क दिले’ एवढंच लिहून सही केलेल्या गीतकाराकडे त्याचे हक्क केव्हाच परत आलेले असू शकतात, आणि त्याला ते माहीतच नसतं. त्या तारखेआधीच्या कागदांना हा नियम लागत नाही. कागद हातात आला की आधी तारीख बघायची, मग वकील.

आणि मालक सापडलाच नाही तर? कलम ३१ अ त्यासाठी आहे. रचनाकार हयात नाही, अज्ञात आहे किंवा मालकाचा पत्ता लागत नाही, असं असेल तर परवाना मागता येतो. अट अशी की आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. पारोळ्याच्या अहिराणी गीतकाराचा वारस इंग्रजी पेपरातली जाहिरात वाचून पुढे येईल, ही अपेक्षा दिल्लीतच सुचू शकते. तुम्ही मात्र त्यासोबत जळगावच्या मराठी पेपरातही चार ओळी द्या. कायदा मागत नाही, पण माणूस त्यानेच सापडेल.

मूळ कलाकाराच्या हाती काय येतं

बहुतेक वेळा काहीच नाही, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. १९६९ च्या एका अमेरिकन रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमन या ड्रमरने वाजवलेला सहा-सात सेकंदांचा तुकडा नव्वदच्या दशकातल्या डान्स संगीतात हजारो ट्रॅकांमध्ये वापरला गेला. कोलमनला त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत वारला. शिकागोतल्या हाउस या डान्स संगीताचा एक आद्य कलाकार लॅरी हर्ड याने जुन्या कंपनीवर २०२० मध्ये खटला भरला आणि २०२२ मध्ये तडजोड होऊन त्याला स्वतःच्या गाण्यांचे हक्क परत मिळाले. गाणी ऐंशीच्या दशकातली होती.

चांगलं घडतं तेव्हा काय होतं, त्याचं उदाहरण मुंबईचं आहे. चरणजित सिंग या स्टुडिओ वादकाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या नव्या यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. रेकॉर्ड चालली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली आणि जगभरातल्या जाणकारांनी कान टवकारले, कारण शिकागोत १९८७ मध्ये जन्मला असं मानलं जाणाऱ्या ‘अॅसिड हाउस’सारखा आवाज त्यात पाच वर्षं आधीच होता. २०१५ मध्ये वारण्यापूर्वी चरणजित सिंग यांना युरोपातल्या मंचांवर ते वाजवता आलं. रिमिक्सने हे झालं नसतं. मूळ जसंच्या तसं समोर आलं, म्हणून झालं.

‘रिमिक्सवाले गाण्याची वाट लावतात’

कधी कधी लावतातच. कायद्यात रचनाकाराला आपल्या कामाची विटंबना रोखण्याचा हक्क आहे, पैसे घेऊन हक्क विकले तरी तो उरतो. कानबाईच्या गाण्याखाली अश्लील आरोळ्या घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण सरसकट नाक मुरडण्यातही अर्थ नाही. ‘एज ऑफ लव्ह’ आज लोकांना आठवतो तो बहुतांशी १९९२ च्या रिमिक्समुळे. माझी अपेक्षा एवढीच की रिमिक्स काढताना मूळ मुद्रणही सोबत, स्वच्छ करून, नावानिशी द्यावं. चांगल्या परदेशी रीइश्यूंमध्ये हा रिवाज आहे.

घरात जुनी अहिराणी कॅसेट असेल तर वाजवण्याआधी वरच्या कडेची प्लॅस्टिकची दोन्ही कानं मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर काही भरलं जाणार नाही. फीत हेडवर दाबणारी आतली छोटी स्पंजची गादी गळून पडली असेल तर आधी फितीचे दोन्ही गुंडाळे दुसऱ्या स्क्रूच्या डब्यात बदलून घ्या. उतरवताना एमपी३ नको, वेव्ह फाइल करा, २४ बिटची. आणि सगळ्यात आधी आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा: गीतकार, वादक, स्टुडिओ, कंपनीचा पत्ता आणि गोलातल्या ‘पी’ अक्षरापुढचं साल. मुद्रणाचा मालक आणि वर्ष त्याच खुणेपाशी लिहिलेलं असतं.